पाना कधी उचलायचा, फोन कधी करायचा

मागच्या अंकात मी एक वाक्य लिहिलं होतं: नळाचा वॉशर बदलणं घरातल्या प्रत्येकाला यायला हवं. त्या एका वाक्यावर बरीच पत्रं आली आणि बहुतेकांनी एकाच गोष्टीवर बोट ठेवलं. वॉशरचं ठीक आहे, पण आपण कुठवर करायचं आणि कुठून पुढे प्लंबरचं? या वेळी सगळी जागा याच प्रश्नाला दिली आहे.

मी अठ्ठावीस वर्षं नळकाम करते. वडिलांच्या हाताखाली शिकले. 'हे सोपं आहे का हो?' असं कुणी विचारलं की मला उलट विचारावंसं वाटतं, चुकलं तर पाणी कुठे जाईल, आणि ते तुम्हाला थांबवता येईल का? अवघड वाटणारी काही कामं घरच्या माणसाने खुशाल करावीत, कारण चुकलंच तर बादलीभर पाणी सांडेल. दिसायला किरकोळ अशी काही कामं मात्र मी माझ्या सख्ख्या भावालाही करू देणार नाही.

प्रश्न: नमस्कार ताई. माझं वय ६८. स्वयंपाकघरातला नळ दोन महिन्यांपासून ठिबकतो आहे. मुलगा म्हणतो, 'बाबा, तुम्ही हात लावू नका.' नोकरीत मी हिशेब लिहिले, पाना कधी धरला नाही. पण आता वेळ आहे आणि शिकायची इच्छाही आहे. पाना आणून ठेवला आहे. करू का?

उत्तर: करा, काका. फक्त पाना आजचा दिवस बाजूला ठेवा. आज एवढंच करायचं की त्या नळाचं पाणी बंद करणारा कॉक शोधायचा आणि तो खरंच बंद होतो का ते बघायचं.

ओट्याखाली डोकवा. भिंतीतून बाहेर आलेला छोटा कॉक आणि त्यातून वर नळाकडे गेलेली नळी दिसली, तर तोच तुमचा अँगल कॉक. नळ थेट भिंतीतून आलेला असेल तर त्या खोलीच्या लाइनचा कॉक शोधा, तोही नसेल तर घराचा मुख्य कॉक. तो बंद करा आणि नळ पूर्ण उघडा. धार बारीक होत होत थांबली पाहिजे. नळ उघडाच ठेवून पाच मिनिटं बघत राहा. पाइपात उरलेलं पाणी निथळून गेल्यावर एकही थेंब येत नसेल, तर तुम्ही हे काम करू शकता. थेंब येतच राहिले, किंवा कॉक जागचा हललाच नाही, तर जोर लावू नका. कितीतरी वर्षं न फिरलेला कॉक जोराने फिरवला की दांड्यातून गळू लागतो किंवा दांडाच तुटतो. मग वॉशरचं राहू द्या, आधी कॉक बदलून घ्यायचा आहे, आणि त्यासाठी प्लंबर बोलवायचा.

इतकं बजावून सांगते त्याला कारण आहे. मी एकोणीस वर्षांची असताना वडिलांनी मला पहिल्यांदा एकटीला कामावर पाठवलं. साधा नळ बदलायचा होता. त्या घराचा मुख्य कॉक जुना, गोल चाकाच्या मुठीचा गेट व्हॉल्व्ह होता. मी मूठ फिरवत गेले, शेवटी ती अडली, आणि बंद झाला असं मी धरून चालले. आतला दांडा आणि पाणी अडवणारी पडदी यांची जोड कधीच तुटली होती. बाहेरून ते कळायला एकच मार्ग होता, नळ उघडून बघणं, आणि मी तो उघडला नाही. आटे सुटले आणि धार समोरच्या भिंतीवर आदळली. साधारण नळातून मिनिटाला १० लिटर पाणी येतं असं धरा. उघड्या पाइपातून त्याहून जास्तच. वरचा दुसरा कॉक सापडेपर्यंत पाणी खालच्या घरात छतातून उतरलं होतं. तिथल्या मुलीच्या परीक्षेच्या वह्या भिजल्या. वडील मला रागावले नाहीत. माझ्याबरोबर खाली आले, माफी मागितली आणि त्या वह्यांची पानं सुटी करून वाळवायला आम्ही दोघं बसलो. त्या दिवसापासून कॉक बंद करून नळ उघडून पाहिल्याशिवाय मी पान्याला हात लावलेला नाही.

आता नळाकडे वळू. गळती नेमकी कुठे आहे ते बघा. नळ बंद असताना तोंडातून थेंब पडत असेल तर वॉशर झिजला आहे. नळ चालू असतानाच मुठीखालून पाणी येत असेल तर दांड्याभोवतीचं पॅकिंग किंवा ओ-रिंग, म्हणजे रबरी कडं, गेली आहे. फिरत्या मानेच्या नळात मानेच्या बुडाशी ओल असेल तर तिथली ओ-रिंग. तुमचा नळ किती फिरवल्यावर पूर्ण उघडतो तेही बघा. दोन-तीन वेढे लागत असतील तर आत रबरी वॉशर आहे. अर्ध्याच वळणात किंवा त्याहून कमी फिरवून उघडत असेल तर आत सिरॅमिकच्या चकत्यांचं काडतूस आहे, त्यात वॉशर शोधत बसू नका, अख्खं काडतूस बदलायचं असतं.

वॉशरचा नळ असेल तर काम असं. बेसिनच्या भोकात फडकं कोंबा, म्हणजे स्क्रू आत जाणार नाही. मुठीवरची टोपी काढा, खालचा स्क्रू सोडवा, मूठ उचला. आता दिसणाऱ्या मोठ्या नटवर पाना लावायचा. चकाकीवर ओरखडे नकोत म्हणून मध्ये कापड धरा. आणि हे महत्त्वाचं: एका हाताने पाना फिरवताना दुसऱ्या हाताने नळाचं अंग घट्ट धरून ठेवा. नाहीतर तुमच्या हाताचा पीळ नळातून मागे भिंतीतल्या पाइपाला बसतो. तिथला सांधा तुम्हाला दिसत नाही, तो चिरला तर आठवड्याने भिंत सांगते. नट मध्यम जोराने हलला नाही तर थांबा. पान्याच्या दांड्यात पाइप घालून लांबी वाढवण्याचा मोह होईल. तो आवरा, आणि तिथेच फोन करा. त्यात कमीपणा काही नाही, आम्हीही अशा वेळी हत्यार बदलतो.

स्पिंडल, म्हणजे नळाचा आतला दांडा, बाहेर आला की त्याच्या टोकाला वॉशर दिसेल. तो घेऊन दुकानात जा, मापावर विसंबू नका. आमच्या धंद्यातली मापं फसवी असतात. 'अर्धा इंची' म्हणतात त्या आट्यांचा बाहेरचा व्यास मोजून बघा, जवळपास २१ मिलिमीटर भरतो. अर्धा इंच हे माप मुळात जुन्या लोखंडी पाइपाच्या पोकळीचं आहे. नवा वॉशर घालण्याआधी वॉशर जिथे टेकतो त्या पितळी बैठकीवरून बोट फिरवा. गुळगुळीत लागली तर उत्तम. खाच लागली तर नवा वॉशरही महिन्याभरात कापला जाईल, ती बैठक घासायला वेगळं हत्यार लागतं. जोडताना स्पिंडल अर्धा उघडा ठेवून आवळा, म्हणजे वॉशर चिरडत नाही. मग नळ बंद करून कॉक हळूहळू सोडा.

हे रात्री करू नका आणि सुटीच्या दिवशीही नको. सकाळी करा, दुकान उघडं असताना, प्लंबर फोन उचलेल अशा वेळी. मुलाला काळजी आहे ना, मग त्याला कॉकपाशी उभं करा. तो मदतनीस तुम्हाला खरंच लागेल.

आणि दोन महिने चालढकल केलीत म्हणून सांगते, थेंबांखाली एक तास भांडं ठेवून मोजा. तासाला २०० मिलिलिटर जमलं तर दिवसाला ४.८ लिटर होतात आणि वर्षाला साडेसतराशे लिटरच्या वर. तुम्ही हिशेबाची माणसं, तुम्हाला हे मी काय सांगावं.

प्रश्न: ताई, मी नोकरीसाठी एकटी राहते. फ्लश टँकमधून संडासात सतत बारीक पाणी झिरपतं. वर्षात दोनदा प्लंबर येऊन 'आतला सेट बदलावा लागेल' म्हणाला, बदलला, तीन-चार महिन्यांत पुन्हा तेच. शिवाय दार मी उघडलं तरी 'घरात कुणी आहे का?' असं विचारतो. हे मला स्वतः जमेल का?

उत्तर: जमेल. घरातल्या सगळ्या नळकामात शिकायला सर्वांत चांगलं काम हेच आहे. टाकीचा अँगल कॉक शेजारीच असतो, आत जे चालतं ते झाकण उचललं की डोळ्यांना दिसतं, आणि चुकलं तरी पाणी संडासातच जातं.

आधी रोग ओळखू. टाकीत खायच्या रंगाचे आठ-दहा थेंब टाक आणि वीस मिनिटं फ्लश करू नकोस. खाली भांड्यात रंग उतरला तर टाकीतून पाणी जातंय हे नक्की. आता झाकण उचलून बघ. मध्ये एक उभी नळी असते, टाकी जास्त भरली तर पाणी तिच्यातून उतरतं. पाणी त्या नळीच्या काठावरून आत जात असेल तर दोष भरणाऱ्या व्हॉल्व्हचा आहे. पाण्यावर तरंगणारा फ्लोट खाली घे, पाण्याची पातळी काठाच्या दोन-अडीच सेंटिमीटर खाली थांबली पाहिजे. तसं केल्यावरही पाणी भरतच राहिलं तर तो व्हॉल्व्ह साफ करावा लागेल किंवा बदलावा लागेल. पाणी नळीच्या काठापर्यंत पोचतच नसेल तर अँगल कॉक बंद कर, आतल्या भिंतीवर पातळीपाशी पेन्सिलची रेघ मार आणि अर्ध्या तासाने बघ. रेघेखाली गेलं तर तळाचं रबरी सील नीट बसत नाही.

तुझ्या वर्णनावरून मला सीलचाच संशय आहे, आणि दर तीन-चार महिन्यांनी ते जातं यालाही काही कारण असणार. टाकीत सोडायच्या जंतुनाशक गोळ्या वापरतेस का? त्यांतल्या क्लोरीनने रबर फुगतं, वाकतं, कडक होतं. आधी त्या बंद कर. दुसरं, सील जिथे बसतं त्या कड्यावर बोट फिरव. क्षारांची खर जमली असेल तर कितीही नवं सील आणलंस तरी फटीतून पाणी जाणारच. खरखरीत कापडाने ते कडं पुसून घे, हत्याराने खरवडू नकोस. बऱ्याचदा तेवढ्यावर काम भागतं. पूर्ण सेट बदलायची वेळ कधीतरी येते, पण दोन्ही वेळा कुणी हे कडं पुसलं नसावं असं मला वाटतं.

जोडताना प्लास्टिकचे नट हाताने घट्ट करायचे आणि वर फार तर पाव वेढा. जास्त आवळलेलं प्लास्टिक आज टिकतं आणि पुढे एखाद्या रात्री तडकतं. नळीच्या टोकाला रबरी वॉशर असेल तिथे टेफ्लॉन टेप नको, तिथे पाणी रबर अडवतं. आट्यांनीच पाणी अडवायचं असेल तिथे टेप, आणि आट्यांचं तोंड आपल्याकडे धरून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने. उलटी गुंडाळलेली टेप आवळताना सुटून येते.

टाकी भिंतीच्या आत असेल तर पहिल्या वेळी प्लंबर बोलाव आणि तो काय काय काढतो ते शेजारी उभी राहून बघ. आणि पाणी भांड्याच्या बुडातून फरशीवर येत असेल तर हात लावू नकोस, वापरणं थांबवून बोलावून घे.

'घरात कुणी आहे का?' हे मी कामाला गेलेल्या घरी ऐकलंय, हातात पाइप पाना असताना. तेव्हाही वाईट वाटायचं, आताही वाटतं. पुढच्या वेळी रंगाची चाचणी आणि पेन्सिलची रेघ त्याला सांग. नेमकं बोलणाऱ्या माणसाशी प्लंबर नेमकं बोलतो.

प्रश्न: आमच्या साठवणीच्या गीझरखालच्या छोट्या व्हॉल्व्हमधून थेंब थेंब पाणी पडत होतं. माझ्या दिराने तिथे प्लग बसवून टाकला. आता गळत नाही. हे चालेल ना?

उत्तर: हे पत्र वाचल्यावर मी अंकाची वाट पाहिली नाही, संपादकांकडून नंबर घेऊन त्याच संध्याकाळी फोन केला. इतरांसाठी इथे लिहिते.

चालणार नाही. एक दिवसही नाही. तो सुरक्षेचा व्हॉल्व्ह आहे. २५ लिटर पाणी २० अंशांवरून ६५ अंशांपर्यंत तापलं की फुगतं आणि त्याला साधारण साडेचारशे मिलिलिटर जागा जास्त लागते. ते वाढलेलं पाणी बाहेर सोडणं हेच त्या व्हॉल्व्हचं काम, म्हणून तापताना थोडं ठिबकणं हा बिघाड नसतो. ते तोंड बंद केलं आणि पुढे कधी ठरलेल्या तापमानाला वीज तोडणारा थर्मोस्टॅट बिघडला, तर टाकीतला दाब वाढत जातो. गीझर फुटून भिंती पडल्याचे अपघात याच प्रकारे होतात.

गीझर बोर्डावरून बंद करा, गरम पाणी असताना प्लगला हात लावू नका, आणि प्लंबर येऊन व्हॉल्व्ह तपासेपर्यंत चालू करू नका. थेंबांचा त्रास होत असेल तर त्या तोंडाला एक उघडी नळी जोडून खाली मोरीच्या जाळीपर्यंत सोडायची. गीझर थंड असतानाही सतत गळत असेल तर लाइनचा दाब जास्त आहे किंवा व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकला आहे. दोन्ही कामं प्लंबरची. दिरांनी केलं ते घराच्या काळजीनेच केलं, हे मला कळतं. पण गीझर घरच्या माणसाने उघडायचा नाही, असं मी ठामपणे सांगेन.

प्रश्न: बेसिन तुंबलं म्हणून आधी दाणेदार पावडर ओतली. फरक पडला नाही, म्हणून तासाभराने संडास धुवायचं द्रव ओतलं. फसफसलं, वास डोळ्यांत गेला, पाणी तसंच आहे. आता काय टाकू?

उत्तर: आता काहीच टाकू नका. खिडक्या उघडा आणि त्या खोलीतून बाहेर या.

दाणेदार पावडरीत बहुधा कॉस्टिक सोडा असतो, संडासाच्या द्रवात बहुधा आम्ल. दोन्ही एकत्र आली की पाणी उकळी फुटल्यासारखं उसळतं. सोड्याच्या जागी ब्लीच असतं तर? ब्लीच आणि आम्ल एकत्र आलं तर क्लोरीन वायू सुटतो, तो फुप्फुसं जाळतो. म्हणून कुठल्याही दोन बाटल्या एका भोकात जाता कामा नयेत, मध्ये किती वेळ गेला तरी. अशा पाण्यावर रबरी पंपही मारू नका, शिंतोडे तोंडावर उडतात.

इथून पुढचं काम प्लंबरचं, आणि त्याला फोनवरच सांगा की काय ओतलं, किती आणि कधी. बाटल्या फेकू नका, त्याला दाखवा. माझ्या डाव्या हातावर मनगटापासून कोपराच्या दिशेने एक पांढुरका डाग आहे. एका घरी मी बेसिनखालचा ट्रॅप, म्हणजे थोडं पाणी अडवून ठेवणारा पाइपाचा तुकडा, उघडला आणि आतलं पाणी हातावर आलं. 'आत काही टाकलंय का?' असं मी विचारलं होतं. 'नाही' म्हणाले होते. संकोचाने म्हणाले असतील. त्यांनी खरं सांगितलं असतं तर मी हातमोजे लांब घातले असते, इतकंच.

हे निस्तरल्यावर पुढच्या वेळेसाठी. एकच बेसिन तुंबलं असेल आणि बाकी सगळीकडचं पाणी नीट जात असेल, तर अडथळा जवळ आहे आणि तो तुमचा तुम्हाला काढता येतो. वरचं जादा पाण्याचं भोक ओल्या फडक्याने बुजवा, पंपाची वाटी बुडेल एवढं पाणी ठेवा, पंधरा-वीस वेळा दाबा आणि शेवटी झटक्याने ओढा. नाही गेलं तर खाली बादली ठेवून बाटलीसारखा ट्रॅप हाताने फिरवून काढा. केस, साबण, तेलकट गाळ, सगळं तिथेच बसलेलं असतं. तो धुऊन, रबराच्या चकत्या जागच्या जागी ठेवून परत बसवा.

ट्रॅप काढून सरळ पाइप जोडला तर पुन्हा तुंबणार नाही, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. त्या वाकात थांबलेलं पाणी गटाराचा वायू घरात येऊ देत नाही. १७७५ साली लंडनमधल्या अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीने संडासाखालच्या पाइपाला असा वाक देऊन पेटंट घेतलं, आणि घरात संडास असणं तेव्हापासून सुसह्य झालं. चार बोटांपेक्षाही कमी उंचीचं पाणी, साधारण ५० मिलिमीटर, एवढ्यावर ते सगळं अवलंबून आहे.

बेसिन, मोरी आणि संडास एकदमच तुंबले, किंवा इथे पाणी सोडलं की तिथे गुडगुड आवाज येऊन वर चढतं, तर अडथळा मुख्य लाइनमध्ये आहे. पाणी सोडणं थांबवा आणि फोन करा.

प्रश्न: न्हाणीघराच्या पलीकडच्या भिंतीवर, झोपायच्या खोलीच्या बाजूने, हातभर ओल आली आहे. प्लंबर म्हणतो भिंत फोडावी लागेल. व्हिडिओ पाहून आम्हा दोघांना वाटतं की हे घरीच होईल. पाइप सीपीव्हीसीचा आहे, सॉल्व्हंट लावून जोडायचाच तर असतो. छिन्नी-हातोडी आणली आहे.

उत्तर: छिन्नी ठेवून द्या. जोडायला दोन मिनिटं लागतात हे खरं आहे. अवघड असतं ते शोधणं. पाणी गळतं एकीकडे आणि दिसतं भलतीकडे, पाइपाच्या अंगाने उतरत जातं आणि वाट मिळेल तिथे बाहेर येतं. जमिनीलगतच्या ओलीचा उगम डोक्याइतक्या उंचीवरच्या एल्बोत, म्हणजे पाइप वळवणाऱ्या जोडात, मला सापडलेला आहे. त्याच भिंतीत विजेच्या तारा असतात. आणि सॉल्व्हंट ओल्या पाइपाला धरत नाही. कॉक बंद केल्यावरही लाइनमधून थेंब थेंब पाणी येत राहतं, ते पूर्ण थांबवून पाइप कोरडा करणं यातच नवख्या माणसाचा सांधा फसतो. पीव्हीसीचं सॉल्व्हंट सीपीव्हीसीला लावलं तरी फसतो. असा सांधा दोन दिवस टिकतो, तोवर तुम्ही वरून सिमेंट भरलेलं असतं.

पण तुमच्या उत्साहाला काम आहे, आणि ते प्लंबरपेक्षा तुम्हीच चांगलं कराल, कारण तुम्ही त्या घरात चोवीस तास असता. ओलीच्या कडेने पेन्सिलने रेघ ओढा, तारीख-वेळ लिहा, रोज सकाळ-संध्याकाळ बघा. वापर असो-नसो, ओल सारखीच वाढत असेल तर दाबाची लाइन गळते आहे. अंघोळीनंतरच वाढत असेल तर सांडपाण्याचा पाइप किंवा फरशीच्या सांधी. पावसानंतर वाढत असेल तर बाहेरची भिंत, तिथे नळकामाचा संबंधच नाही. मग रात्री सगळे नळ बंद करून मीटरचा आकडा लिहा, तासाभराने पुन्हा बघा. मीटर नसेल तर टाकीचं भरणं बंद ठेवून पातळी बघा. आकडा हलत असेल तर गीझरकडे जाणारा थंड पाण्याचा कॉक बंद करून तीच चाचणी करा. हलायचा थांबला तर गळती गरम लाइनमध्ये. भिंत निम्मी वाचली. आणि त्या भिंतीवरच्या बोर्डाची वीज तेवढे दिवस बंद ठेवा, हे आधी करा.

प्लंबरशी बोलताना दोन गोष्टी आधीच ठरवून घ्या. दुरुस्तीनंतर लाइनला पंप लावून दाब द्यायचा, दाब दाखवणाऱ्या घड्याळावरचा काटा तुमच्यासमोर स्थिर राहिला पाहिजे, त्यानंतरच भिंत बुजवायची. आणि बुजवण्याआधी मोजपट्टी धरून उघड्या पाइपांचे फोटो तुम्ही काढायचे. पुढे कधी खिळा ठोकताना ते फोटो उपयोगी पडतील.

प्रश्न: ताई, मी पण याच धंद्यात आहे, चौदा वर्षं. तुम्ही लोकांना सगळंच शिकवायला लागलात तर आमच्या पोटाचं काय? आणि लोक अर्धवट खोलून ठेवतात, मग आम्हाला बोलावतात आणि म्हणतात, 'आता फक्त जोडायचंच राहिलंय, पैसे कमी घ्या.' त्याचं काय?

उत्तर: दादा, तुमचं दुसरं बोलणं आधी घेते, कारण ते वाचकांनी ऐकायला हवं. अर्धवट खोललेलं काम कोऱ्या कामापेक्षा जास्त वेळ खातं. काय खोललं, कुठल्या क्रमाने, कुठला स्क्रू हरवला, कुठला आटा मारला गेला, हे शोधण्यातच तास जातो. त्यामुळे वाचकहो, हात लावून अडलात तर निघालेले सगळे तुकडे निघाले त्या क्रमाने एका फडक्यावर मांडून ठेवा, झालेलं सगळं लपवाछपवी न करता सांगा आणि मजुरी पूर्ण द्या.

पोटाचं म्हणाल, तर वॉशरच्या कामावर माझं घर कधी चाललं नाही, तुमचंही चालत नसेल. येण्याजाण्यातच अर्धा दिवस मोडतो. माझा अनुभव असा की स्वतःच्या हाताने फ्लश दुरुस्त करणारी माणसं मोठ्या कामाला लवकर बोलावतात, कारण भिंतीतली ओल त्यांना पहिल्या आठवड्यात दिसते. रात्री अडीच वाजता जे फोन येतात ते बहुतेक अशा घरांतून, जिथे मुख्य कॉक कुठे आहे हे कुणालाच ठाऊक नसतं. मी पोचेपर्यंत घरात घोटाभर पाणी असतं आणि माझ्या हाताला कॉक अर्ध्या मिनिटात लागतो. अशा वेळी मजुरी घेताना मला बरं वाटत नाही.

म्हणून तुम्हाला एक विनंती. काम संपलं की पिशवी भरण्याआधी घरच्यांना मुख्य कॉकपाशी न्या. दार जिने उघडलं तिलाच न्या, 'घरात कुणी आहे का' विचारू नका. तिच्याच हाताने एकदा बंद, एकदा चालू करून घ्या, आणि कॉकला दोरीने एक चिठ्ठी बांधा: हा कशाचा, कुठल्या बाजूला बंद. त्याला पाच मिनिटं लागतात. ती मजुरीत धरा, मी धरते.